खेळाडूचा सौदा आणि प्रेक्षकांचा रोष

बी. ए. द्वितीय वर्ष

खेळाडू एका संघाकडून दुसऱ्या संघाकडे दिला जातो, त्या व्यवहाराला इंग्रजीत 'ट्रेड' म्हणतात. मराठी वर्तमानपत्रांत त्यासाठी कधी 'अदलाबदल', कधी 'देवाणघेवाण', तर कधी नुसते 'ट्रेड' असेच छापलेले दिसते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ट्रेड म्हणजे व्यापार, आणि व्यापार वस्तूंचा होतो. माणसाचा व्यापार म्हटले की कानाला बरे लागत नाही, म्हणून आपण शब्द मवाळ करून घेतो, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात मी 'सौदा' हा शब्द वापरणार आहे. सौद्यात दोन पक्ष असतात, रक्कम असते, आणि ज्याचा सौदा होतो तो बहुधा बाजूला उभा असतो. हे सारे त्या एका शब्दात येते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्स या क्रिकेट संघाने असा एक सौदा केला आणि त्यापाठोपाठ आपला कर्णधार बदलला. मी तेव्हा बारावीत होतो. आमच्या कळमनुरीहून वानखेडे मैदान रस्त्याने पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि माझ्या ओळखीच्या कोणीही तेथे पाऊल ठेवलेले नाही. तरीही बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. 'आपल्या माणसाला काढलं' असेच सगळे म्हणत होते. हा 'आपला' शब्द कोठून आला, आणि लोकांचा राग शेवटी जाऊन पडला तो कोणावर, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम आपल्या परिचयाच्या दोन व्यवहारांकडे पाहू.

मराठवाड्यात सालगडी ही पद्धत सर्वांना ठाऊक आहे. पाडव्याला साल ठरते. रोख किती, ज्वारी किती, कपडालत्ता काय, उचल किती, हे मालक आणि गडी समोरासमोर बसून ठरवतात. माझ्या आजोबांनी अशी बरीच साले काढली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, साल पुरे होण्याआधी गड्याला दुसरीकडे जायचे असेल तर उचल फेडावी लागे, आणि कधी कधी नवा मालकच ती फेडून गडी घेऊन जाई. म्हणजे पैसा एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाई आणि माणूसही जाई. पण गड्याला न विचारता दोन मालकांनी बांधावर बसून आपापले गडी बदलून घेतले, असे मात्र त्यांनी कधी पाहिले नाही. सालगड्याचे जिणे सुखाचे होते असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. उचल डोक्यावर असलेल्या माणसाची संमती ती कसली, हेही मला कळते. तरी विचारण्याची रीत होती, एवढेच.

दुसरा व्यवहार शिक्षकांच्या बदलीचा. चांगल्या गुरुजींची जिल्हा परिषदेने बदली केली की गावकरी शाळेला कुलूप ठोकतात, मुलांना घेऊन पंचायत समितीवर जातात. येथे गुरुजींचा मालक बदलत नाही, फक्त गाव बदलते. गावाने गुरुजींना पगार दिलेला नसतो, नेमणूकही गावाने केलेली नसते. तरी गुरुजींवर आपला हक्क आहे असे गावाला वाटते. कायद्याने तो हक्क नाही. पण मुलांना ज्याने अक्षर शिकवले त्याच्याविषयी असे वाटणे खोटे तरी कसे म्हणावे? आणखी एक गोष्ट अशा वेळी घडते, ती पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून येथेच नोंदवतो. गावाचा राग जिल्हा परिषदेवर असतो, पण जिल्हा परिषद हिंगोलीला असते. गावात रोज दिसतात ते नवे गुरुजी. पहिले सहा महिने त्यांना कोणी चहाला बोलावत नाही.

खेळाडूच्या सौद्यात हे दोन्ही व्यवहार एकत्र येतात. सालगड्याप्रमाणे मालक बदलतो, आणि पगार न देणारे गाव मात्र आपले कोणी नेले म्हणून हळहळते.

आयपीएल ही स्पर्धा २००८ साली सुरू झाली. त्यातील संघ ही मालकांची मालमत्ता आहे. मुंबईचा संघ रिलायन्स समूहाने त्या वर्षी ११ कोटी १९ लाख डॉलरना घेतला. खेळाडू लिलावात घेतले जातात आणि प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा असते. २०२४ च्या हंगामासाठी ती १०० कोटी रुपये होती. लिलावाखेरीज दुसरी वाट म्हणजे ठराविक मुदतीत संघांनी परस्पर केलेला सौदा. तो खेळाडूच्या बदल्यात खेळाडू असा होतो किंवा निव्वळ पैशात होतो. नियमाप्रमाणे त्यास खेळाडूची संमती लागते. पण खेळाडूने स्वतः उठून दुसऱ्या संघाशी बोलणी करावयाची नाहीत. रवींद्र जडेजा राजस्थान रॉयल्सशी बांधलेला असताना त्याने दुसऱ्या संघाशी बोलणी केल्याचा ठपका आला, आणि २०१० च्या संपूर्ण हंगामात त्याला खेळू दिले गेले नाही. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. थोडक्यात सांगावयाचे तर, खेळाडू सौद्याला हो किंवा नाही म्हणू शकतो, सौदा मांडू शकत नाही. आजोबांच्या काळचा गडी निदान दुसऱ्या मालकाच्या दारात जाऊन 'मला ठेवता का' असे विचारू शकत होता.

आता मुंबईचे प्रकरण. हार्दिक पंड्या याला मुंबईने २०१५ साली १० लाख रुपयांना घेतले होते. तो २०२१ पर्यंत मुंबईकडून खेळला. २०२२ च्या मोठ्या लिलावाआधी मुंबईने त्याला ठेवून घेतले नाही. गुजरात टायटन्स या नव्या संघाने त्याला कर्णधार केले. पहिल्याच वर्षी गुजरात विजेता ठरला आणि २०२३ मध्ये उपविजेता. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस मुंबईने त्याला १५ कोटींच्या पगारावर पैशाच्या सौद्याने परत आणले. एवढी रक्कम मर्यादेत बसावी म्हणून कॅमेरॉन ग्रीन या ऑस्ट्रेलियन खेळाडूला त्याच्या साडेसतरा कोटींच्या पगारासह बंगळूरकडे दिले. साडेसतरा गेले आणि पंधरा आले, म्हणजे अडीच कोटींची जागा उरलीच. वहीत हा हिशेब चोख आहे. ग्रीनसाठी मुंबईत कोणी हळहळल्याचे ऐकिवात नाही; तो एकच हंगाम खेळला होता. यावरून एक दिसते की, लोकांना सौद्याचे वावडे नसते. 'आपला' होण्याइतके दिवस जो राहिलेला नसतो, त्याचा सौदा कोणाला खुपत नाही.

खुपले ते पुढचे. १५ डिसेंबर २०२३ रोजी संघाने जाहीर केले की २०२४ च्या हंगामात कर्णधार हार्दिक असेल, रोहित शर्मा नव्हे.

रोहितचा जन्म नागपूरजवळच्या बनसोडचा, आणि तो वाढला बोरिवलीत आजी-आजोबांकडे. २०११ साली तो हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सकडून मुंबईकडे आला, म्हणजे त्यालाही लिलावातच विकत घेतले होते. २०१३ च्या हंगामात मध्येच रिकी पाँटिंग बाजूला झाला आणि कर्णधारपद रोहितकडे आले. २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदे त्याच्या हाताखाली मिळाली. आमच्या वर्गातील मुले पहिलीत असल्यापासून मुंबईचा कर्णधार म्हणजे रोहित. दुसरा कर्णधार आम्हाला आठवतच नाही. 'आपला' हा शब्द असा बनतो. तो गावावरून किंवा जातीवरून आलेला नव्हता. दहा वर्षे रोज संध्याकाळी तोच माणूस दिसत राहिल्याने आला होता.

मालकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर हा अभ्यास होणार नाही. २०२२ मध्ये मुंबई दहा संघांत दहावी आली होती. त्या वर्षी रोहितच्या २६८ धावा झाल्या आणि एकही अर्धशतक नव्हते. २०२३ मध्ये ३३२ धावा झाल्या. ३० एप्रिल २०२४ रोजी तो सदतिसावे वर्ष पूर्ण करणार होता. उलट हार्दिक तीस वर्षांचा, दोन हंगामांत एक विजेतेपद आणि एक उपविजेतेपद मिळवलेला कर्णधार. शेतकरीसुद्धा बैल पुरता थकण्याआधी दुसरा गोऱ्हा जुंपायला शिकवतो. निर्णय कागदावर असमंजस नव्हता, असे माझे मत आहे आणि त्यावरून माझे मित्रांशी भांडण झालेले आहे.

मग एवढा रोष का? माझ्या मते त्याची दोन कारणे आहेत आणि दोन्हींचा क्रिकेटच्या कौशल्याशी संबंध नाही.

पहिले कारण वेळेचे. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना भारत हरला. त्याआधी रोहितच्या नेतृत्वाखाली ओळीने दहा सामने जिंकले होते. त्या रात्री त्याचे डबडबलेले डोळे साऱ्या देशाने पाहिले. घरात सुतक असावे तसे दिवस होते ते. त्यानंतर सव्विसाव्या दिवशी कर्णधारपद गेल्याची बातमी आली. आता, भारताचा संघ वेगळा आणि मुंबई इंडियन्स वेगळा. एक देशाचा आणि एक मालकाचा. मालकाच्या वहीत ही दोन खाती वेगळी होती. पाहणाऱ्याच्या मनात मात्र रोहित नावाचा माणूस एकच होता.

दुसरे कारण न बोलण्याचे. संघाने निवेदन काढले, त्यात भविष्याची तयारी वगैरे गोष्टी होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रशिक्षक मार्क बाउचर यांनी हा निव्वळ क्रिकेटचा निर्णय असल्याचे एका मुलाखतीत सांगितले. रोहितच्या पत्नीने त्यावर जाहीरपणे नापसंती दर्शवली. पुढे १८ मार्चला हंगामापूर्वीची पत्रकार परिषद झाली. समोर बाउचर आणि हार्दिक बसले होते. रोहितला बदलण्याचे कारण काय, असा सरळ प्रश्न विचारला गेला आणि बाउचर यांनी उत्तर देण्याचे टाळले. प्रश्न विचारणारा प्रश्न विचारून मोकळा झाला. पण ज्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही तो नाहीसा होत नाही, समोर जो असेल त्याच्या अंगावर तो जातो.

समोर हार्दिक होता. २४ मार्चला अहमदाबादला मुंबईचा पहिला सामना झाला, गुजरातशी. नाणेफेकीपासून त्याची हुर्यो उडवली गेली. गुजरातचे लोक चिडले ते समजण्यासारखे होते, कारण त्यांचा कर्णधार त्यांना सोडून गेला होता. परंतु १ एप्रिलला वानखेडेवर, स्वतःच्या संघाच्या मैदानावर, स्वतःच्या संघाची निळी बंडी घातलेल्या लोकांनी तेच केले. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना लोकांना नीट वागण्याबद्दल सांगावे लागले. त्या दिवशी रोहित पहिल्याच चेंडूवर बाद झाला आणि मुंबईचे चार गडी २० धावांत गेले. हार्दिकने ३४ धावा केल्या, संघात सर्वांत जास्त. लोकांचा आवाज तरी थांबेना. क्षेत्ररक्षण करताना सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या रोहितने प्रेक्षकांकडे पाहून हाताने खूण केली की हे थांबवा. ज्याच्यासाठी हे चालले होते तोच नको म्हणत होता.

आम्ही तो सामना मोबाइलवर पाहिला. आमच्यातील काही जण मोबाइलसमोर बसूनही 'हूऽ' करीत होते. पाचशे किलोमीटरवरून. येथे मला नव्या गुरुजींची आठवण झाली.

अर्थात ही तुलना पूर्ण जुळत नाही, हे मान्य केले पाहिजे. नव्या गुरुजींनी कोणाची जागा मागितलेली नसते. हार्दिकची मात्र संमती होती. नियमाप्रमाणे ती असावीच लागते. तो स्वखुशीने परत आला आणि कर्णधारपदही त्याने घेतले. तेव्हा तो अगदी निष्पाप होता असे मी म्हणत नाही. पण सौदा मांडणारे, कर्णधार ठरवणारे आणि वेळ निवडणारे वेगळेच लोक होते. त्यांच्या नावाने त्या मैदानावर कोणी ओरडल्याचे मला ऐकू आले नाही.

असे नेहमीच घडते का? याचे उत्तर शोधताना मला अमेरिकेतील एक प्रकरण सापडले. तेथील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एनबीए या स्पर्धेत सौद्याची रीत आपल्याहून कडक आहे. करारात तशी खास अट नसेल तर खेळाडूला विचारण्याची गरज नाही. करार जसाच्या तसा उचलून दुसऱ्या शहरात जातो आणि त्याबरोबर माणूस. शिवाय संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असल्याने बहुतेक वेळा दिलेल्या आणि घेतलेल्या खेळाडूंचे पगार जवळपास जुळवावे लागतात. वस्तुविनिमयाच्या धड्यात आपण शिकतो की, माझ्याजवळ ज्वारी आहे आणि मला मीठ हवे, तर मीठ असलेला आणि ज्वारी हवी असलेला माणूस मला शोधावा लागतो. जगातील सर्वांत श्रीमंत खेळाडू आजही त्या ज्वारी-मिठाच्या बाजारात आहेत, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते.

तर या स्पर्धेत डॅलस मॅव्हरिक्स नावाचा संघ आहे. लुका डॉन्चिच हा स्लोव्हेनियाचा खेळाडू त्याचा तारा. २०२४ मध्ये त्याने संघाला अंतिम फेरीपर्यंत नेले होते. फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला, एका रात्रीत, डॅलसने त्याला लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकले. तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. बदल्यात मुख्यतः अँथनी डेव्हिस आला, वय एकतीस. दोघांचेही पगार वर्षाला सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलर, म्हणजे तराजू जुळला. सौदा पक्का होईपर्यंत डॉन्चिचला पत्ता नव्हता. बचाव मजबूत असेल तर विजेतेपद मिळते, असे कारण संघाचे व्यवस्थापक निको हॅरिसन यांनी दिले. लोकांनी मैदानाबाहेर शवपेटी आणून ठेवली. आणि पुढे कित्येक महिने, सामना चालू असताना, संपूर्ण प्रेक्षागार एकच घोषणा देत राहिले : निकोला काढा. नोव्हेंबर २०२५ मध्ये मालकांनी त्यांना खरोखरच काढले.

म्हणजे डॅलसच्या लोकांचा राग निर्णय घेणाऱ्यावर गेला, आलेल्या खेळाडूवर नाही. मुंबईच्या लोकांचा आलेल्या खेळाडूवर गेला. तेथील लोक शहाणे आणि आपण अडाणी, असा निष्कर्ष मी काढणार नाही. शवपेटी आणणे हे काही शहाणपणाचे लक्षण नव्हे. मला फरक दिसतो तो असा. डॅलसमध्ये तारा निघूनच गेला. मैदानावर कोणाशी तुलना करावी असे दोघे उरले नाहीत. त्यातच डेव्हिस पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, त्यामुळे त्याच्याविषयी कीवच वाटली. आणि तेथे व्यवस्थापक हा एक नाव असलेला, लोकांपुढे येऊन 'हा निर्णय माझा' म्हणणारा माणूस होता. मुंबईत रोहित आणि हार्दिक दोघेही एकाच मैदानावर, एकाच बंडीत उभे होते. आणि निर्णय कोणाचा याला माणसाचे नाव नव्हते, संघाचे नाव होते. नाव नसलेल्यावर ओरडता येत नाही.

येथे एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण सौदा नसता तर सारे न्यायाने झाले असते असे कोणी समजू नये. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत धर्मावर आधारलेले संघ खेळत. हिंदूंच्या संघात कोणी विकला जात नव्हता. पळवणकर बाळू हे त्या काळचे अव्वल गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण ते चांभार समाजाचे असल्याने हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० मध्ये कर्णधारपदाच्या याच वादात त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. लोकमत त्यांच्या बाजूने उभे राहत गेले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. त्या निर्णयामागे पैसा नव्हता, तरी तो आजच्या कोणत्याही सौद्यापेक्षा वाईट होता. सौद्यात निदान अंगातल्या गुणाला भाव असतो. मात्र पळवणकर बंधूंना एक करता आले, ते म्हणजे 'आम्ही खेळत नाही' असे म्हणून घरी बसणे. करारात बांधलेल्या रोहितला तसे करणे सोपे नव्हते. तो खेळला, चौदाही सामने.

पुढची हकिगत सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. २०२४ च्या हंगामात मुंबईने चौदापैकी चार सामने जिंकले आणि ती पुन्हा दहावी आली. त्याच वर्षी २९ जूनला बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. कर्णधार रोहित. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या आणि चेंडू रोहितने हार्दिकच्या हातात दिला. पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला. भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला मिरवणूक मुंबईत आली. जे वानखेडे एप्रिलमध्ये 'हूऽ' करीत होते, तेच हार्दिकच्या नावाने घोषणा देऊ लागले.

सर्वांनी याला सुखान्त मानले. मला तसे पूर्णपणे वाटत नाही. लोकांनी हार्दिकला माफ केले ते एका षटकासाठी. ते षटक वाईट गेले असते तर? मिलरचा तो चेंडू दोन हात पुढे पडला असता तर? आणि ज्या निर्णयावरून हे सारे घडले तो निर्णय योग्य होता की अयोग्य, हा प्रश्न कोणी पुन्हा काढलाच नाही. २०२५ मध्ये त्याच कर्णधाराखाली मुंबई चौथी आली, बाद फेरीत गुजरातला हरवून पंजाबकडून हरली. रोहितही त्याच संघात राहिला. २०२५ साठी त्याला १६ कोटी ३० लाखांना ठेवून घेतले, हार्दिकपेक्षा पाच लाख कमी. म्हणजे निर्णय फसला असेही म्हणता येत नाही आणि साधला असेही नाही. हुर्यो मात्र एका माणसाने एकट्याने दोन महिने ऐकली.

मालकाला निर्णयाचा अधिकार आहे, हे मला पटते. संघ त्याचा आहे आणि तोटाही त्याचाच. पण संघाची किंमत बनते कशाने? दहा वर्षे त्याच माणसाकडे पाहत बसलेल्या लोकांनी ती बनवली. तिकीट न काढलेल्यांनीसुद्धा, कारण जाहिरातदार पैसे देतो ते आमच्यासारख्या बघ्यांची डोकी मोजून. त्या बघ्यांना मतदान द्या असे मी म्हणत नाही. निर्णय घेणाऱ्याने आपल्या नावाने पुढे येऊन कारण सांगावे, एवढे मागण्याचा हक्क त्यांना आहे. आणि बघ्यांनीही राग कोठे न्यायचा ते पाहावे.

हे एवढे लांबण लावण्याचे कारण आमच्या जवळचे आहे. आता आमच्या भागात गावोगावी टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा आयपीएलच्या थाटात होतात. संघमालक असतात, गुणांवर लिलाव होतो, लाऊडस्पीकरवरून बोली पुकारली जाते. एका गावच्या (नाव देत नाही) अशा लिलावाला मी गेल्या वर्षी हजर होतो. ज्यांच्यावर कोणी बोली लावली नाही, त्या मुलांची नावे 'अनसोल्ड' म्हणून तीन-तीन वेळा पुकारली गेली, मंडपात त्यांचे वडील बसलेले असताना. स्पर्धा चालू असतानाच एका संघाने आपला आवडता गोलंदाज दुसऱ्या संघाला दिला आणि बदल्यात शेजारच्या गावचा फलंदाज घेतला. दोन्ही मुलांना संध्याकाळी कळले. दुसऱ्या दिवशी तो फलंदाज खेळायला उतरला तेव्हा पोरांनी त्याला जे काही ऐकवले ते येथे छापता येणार नाही. सौदा करणारे मालक सतरंजीवर बसून चहा पीत होते.

यंदा स्पर्धेच्या तयारीची बैठक झाली तेव्हा आम्ही काही कॉलेजच्या मुलांनी तीन सूचना लिहून दिल्या. बोली न लागलेल्यांची नावे लाऊडस्पीकरवर घेऊ नयेत. कोणताही मुलगा दुसऱ्या संघाला द्यायचा तर आधी त्याची सही घ्यावी. आणि तसा सौदा झाला तर तो करणाऱ्या मालकाने नाणेफेकीआधी स्वतः माइकवर येऊन कारण सांगावे. पहिली सूचना लगेच मान्य झाली. दुसरीवर बरीच चर्चा होऊन, सही नको, तोंडी विचारले तरी पुरे, असे ठरले. तिसरी वाचून दाखवल्यावर सगळे हसले आणि ती पुढच्या बैठकीवर टाकण्यात आली. पुढची बैठक पाडव्यानंतर आहे.